फर्स्ट शिफ्टचा डबा

आमच्या कॉलनीत माणूस धडधाकट आहे की नाही हे डॉक्टर ठरवत नसत, डबा ठरवायचा. सकाळचा भोंगा झाला आणि दारातून डबा बाहेर पडला, की ते घर सुखी. नाही पडला, की दुपारपर्यंत चार बायका वाटी घेऊन साखर मागायला हजर. साखर चौघींच्याही घरी असायची.

आमचे हे चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला तुकडा मापायचा आणि पास की नापास ते सांगायचं. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला एके सकाळी हा माणूस एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन खाटेवर बसला, तो बसूनच राहिला. नऊ वाजता पाहिलं तरी मोजा हातातच. पुढे दाढी थांबली, जेवण सुटलं. बोलणं आधीही बेताचंच होतं.

कंपनीच्या डॉक्टरांनी लांब रजा लिहून दिली आणि पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते म्हणाले, “बाई, हा आजार आहे, आळस नव्हे. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. मध्येच बंद करू नका. आणि यांना एकटं सोडू नका.” एकटं का सोडायचं नाही, ते मला समजलं होतं. मी काही दूधखुळी नव्हते.

तरी दुसऱ्या दिवसापासून मी भोंग्याला डबा भरला, यांच्या अंगात कंपनीचा शर्ट चढवला आणि यांना घराबाहेर काढलं. कॉलनीत दहा कंपन्यांची माणसं, यांच्या खात्यातलं एकही नाही, त्यामुळे खपून गेलं. हे चिंचवड स्टेशनाच्या बाकावर जाऊन बसत आणि शिफ्ट सुटायच्या वेळी परत येत. डबा कधी रिकामा येई, कधी भरलेला. रिकामा आला तर तो कुत्र्यांनी खाल्लेला असे, हेही मला ठाऊक होतं. आजारी नवऱ्याला मी रेल्वेच्या रुळांशेजारी नेऊन ठेवलं होतं, ते शेजारणीला साखर मागायला यावं लागू नये म्हणून.

गोळ्यांची पुडी मात्र शेजारणीने पाहिलीच. “डोक्याच्या गोळ्या व्हय? मग न्हाई माणूस परत येत,” म्हणाली आणि माझ्याच घरचा चहा पिऊन गेली.

तेवढ्यात मला एक सर सापडले. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत बिनऔषधाचा मेंदूचा व्यायाम शिकवत. मोठमोठे बाप्ये पोरांच्या बाकात गुडघे कोंबून बसत, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर बघत आणि मग दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणत. एकं दिडं दीड, दोन दिडं तीन. “उदासी म्हणजे मेंदूचा आळस,” सर म्हणत. “गोळ्या म्हणजे कुबड्या. आधी त्या फेका.” ज्याला आळस आणि आजार यांतला फरक कळत नाही, त्याच्या खिशाला दोन पेनं कशाला हवीत?

पण तेव्हा मी हरखले. सर पटले म्हणून नव्हे. क्लास सांगता येत होता! ‘सुपरवायझरच्या परीक्षेची तयारी चाललीय’ असं मी कॉलनीभर सांगत सुटले. आणि गोळ्या मोरीत ओतून वर दोन तांबे पाणी टाकलं. अक्कल गहाण टाकण्याची परीक्षा असती तर मी पहिली आले असते.

महिन्याभरात यांना दिडकी शंभरापर्यंत पाठ झाली. सरांनी यांना सगळ्यांपुढे उभं केलं. मेलेल्या आवाजात हे म्हणाले, “सदतीस दिडं साडेपंचावन्न,” आणि टाळ्या पडल्या. त्या आठवड्यात यांनी दोन घासही धड खाल्ले नव्हते, पण ते सरांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

चार दिवसांनी ऐन दुपारी स्टेशनाजवळचे सायकलवाले चाचा यांचा दंड धरून दारात आले. त्यांच्या दुसऱ्या हातात डबा. “भाभी, हे रोज तिथंच बसत्यात. आज गाडी यायच्या टायमाला पार कडेला जाऊन हुबे ऱ्हायले. मी वढून आणलं. घरात ठेवा यांना.” शेजारची चारही दारं उघडली होती. मी पुढे झाले, चाचांच्या हातातून डबा घेतला, पदराखाली झाकला आणि आत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन यांचा हात धरला.

त्याच संध्याकाळी आम्ही पुण्याला गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. भीत भीत मी क्लासचं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, “पाढे म्हणू द्या हो, त्याने काही बिघडत नाही. फक्त गोळ्यांच्या जागी नकोत.” डबा भरायचं मी उघडपणे बंद केलं आणि दिवसभर यांच्याजवळ बसले. साखर मागणाऱ्यांना साखर दिली आणि आजारही सांगितला. सव्वा महिन्याने यांनी आपणहून दाढी केली. उन्हाळ्यात कामावर रुजू झाले.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. डबा अजून मीच भरते, पण माझ्या हातातून हे तो घेत नाहीत, ओट्यावरून स्वतः उचलतात. एकदा मी चिडून विचारलं, तर बुटाची नाडी बांधता बांधता शांतपणे म्हणाले, “त्या दिवशी तू आधी डबा आत घेतलास.”