तपकिरी पंखा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही. आई गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर गप्पच बसले असते. तेवढी मी हुशार आहे. जन्मभर हुशारच होते, तीच तर गोची.

गोष्ट एका खेळण्याची आहे. हसू नका... म्हणजे हसलात तरी चालेल. आम्हीही सुरुवातीला हसतच होतो.

माझा मोठा भाऊ, दादा, मालवाहू बोटीवर खलाशी होता. आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. ऐंशी सालानंतरची दोन-चार वर्षं धरा. बाबा आधीच गेलेले. घरात आई आणि मी, आणि वर्षातले काही महिने दादा. बाकीचे खलाशी सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. आमचा दादा खोकी आणायचा. खोक्यावर जुन्या काळच्या विमानाचं चित्र असायचं — पहिल्या महायुद्धातली ती दोन मजली विमानं, पंखावर पंख, मधे बारीक खांब आणि तारा — आणि आत प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग. आई म्हणायची, पोरगा जग फिरतो आणि घरी आणतो काय, तर मोडकं विमान.

ते जोडायचं कसं, हे मी आजही झोपेत सांगेन. भाग दाढीच्या ब्लेडने सोडवायचा, कड पॉलिशपेपरने घासायची. खोक्यातली गोंदाची नळी आमच्याकडे पोचेपर्यंत सुकून दगड झालेली असायची. मग दादाने शोध लावला. गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळवायचा. त्याचा पाकासारखा चिकट गोंद होतो आणि प्लॅस्टिकला असा धरतो की विचारू नका. घरभर वास, आई बोंबलतेय, आणि मी दोन बोटांत भाग धरून बसलेली. गोंद धरेपर्यंत हात हलवायचा नाही. तेवढ्या वेळात दादा मला बंदरं सांगायचा. सगळ्यात शेवटी दोन पंखांमधल्या तारा. त्या आम्ही केसाच्या करायचो. माझ्या केसाच्या, हो. धुतलेला एक लांब केस ताणून लावायचा, टोकाला गोंदाचा ठिपका. दादा म्हणायचा, बाय, तुझ्या केसावर विमान उभं हाय.

असं मला दुसरं कोणी काही म्हटलेलं नव्हतं. दिसायला मी बेताची, जिभेने तिखट. मॅट्रिकला गणितात उडालेली. स्थळं यायची, पोहे खाऊन जायची. संध्याकाळी ती विमानं होती म्हणून मी त्या घरात कोणीतरी होते.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी देवरूखकडची, डोंगरातल्या वाडीवरची, शेतकऱ्याची मुलगी. समुद्र तिने लग्न झाल्यावर पाहिला. पण हात! भाताची रोपं लावून लावून तयार झालेले हात, थरथर म्हणून नाही. दादाने गंमत म्हणून तिला एक चाक धरायला दिलं आणि ती बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी मी गेले तर माझ्या जागेवर ती. मला कोणी ऊठ म्हटलं नाही, खरं सांगायचं तर. बसायला जागाच उरली नव्हती. आणि तारांची वेळ आली तेव्हा मी सवयीने वेणी सोडायला लागले, तर दादा मान वर न करता म्हणाला, तुझा राहू दे, बाय, तुझा कुरळतो. हिचा सरळ हाय.

एवढंच. यावर माणूस काय करतं? चार दिवस रुसतं, कोणाच्या तरी लग्नात जाऊन येतं आणि विसरतं. मी का नाही विसरले? वहिनी मला कधी उलटून बोलली नव्हती. 'वन्सं, वन्सं' करत मागेमागे असायची. कदाचित त्याचाच राग यायचा.

त्या साली दादाने आणलेलं खोकं त्याचं स्वतःचं नव्हतं. बोटीवरच्या एका मोठ्या साहेबांचं होतं. त्यांना लहानपणी वडिलांनी दिलेलं, कधी जोडायचं झालंच नव्हतं, आणि आता तसलं विमान बाजारात मिळत नव्हतं. दादाची बोटं बघून त्यांनी ते सुट्टीत जोडायला त्याच्याकडे दिलं. पुढच्या बोटीवर तुला बरोबर नेतो, असा शब्दही दिला होता. तेव्हा बोट मिळणं म्हणजे काय होतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही घरात विचारा. दादा ते खोकं देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा. त्याचा जीव त्यात अडकलेला होता, आणि घराची भाकरीही.

सुटे केलेले भाग स्टीलच्या ताटात असायचे. त्यात पुढचा फिरता पंखा होता, तपकिरी, बोटाएवढा. फुंकर मारली की फिरायचा. शिमग्याच्या आधीच्या दिवसांतली एक दुपार. वहिनीने माजघर झाडलं, ताट उचलून बाकावर ठेवलं आणि माहेरी जायची पिशवी भरायला आत गेली. मी तो पंखा उचलला आणि माझ्या पावडरच्या डब्यात टाकला.

मला फक्त एवढंच हवं होतं — तेव्हा तरी एवढंच — की दादाने तिला एकदा सगळ्यांदेखत रागवावं. मग मी तो हळूच बाकाखाली टाकणार होते.

पण ती संध्याकाळच्या एस्टीने शिमग्याला माहेरी गेली आणि ती गेल्यावर दादाच्या लक्षात आलं. त्याने घर उलथंपालथं केलं. केर माडाच्या बुंध्याशी टाकायची पद्धत होती. तिथली सगळी माती त्याने चाळणीने चाळली. लाल मातीत गुडघ्यांवर बसलेला माझा भाऊ... आणि मी चाळण धरली. हो, मीच धरली! आई म्हणाली, तिच्या भावाला लहान पोर हाय, खेळायला नेला असेल पोराला, तिला काय कळतंय त्याची किंमत. हे आईला सुचलं कुठून? मीच दुपारी म्हटलं होतं, पंखा फिरवून बघत होती वहिनी. बघत होती, तेही खरं. खोटं असं मी काही बोललेच नव्हते.

वहिनी परत आली ती या सगळ्यात. तिने आधी दादाकडे बघितलं, मग ताटाकडे. नाय नेला म्हणाली. गळ्याची शपथ घेतली. दादाला बहुतेक पटलंही असतं. पण सुट्टी संपत आलेली, साहेबांना तोंड काय दाखवणार या घोराने त्याची झोप उडालेली. तेव्हा आई म्हणाली, कौल लावू.

तुमच्याकडे ही पद्धत नसेल तर सांगते. गावच्या देवीच्या देवळात गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत आम्ही सगळं असंच विचारत आलो. मूळ गावी आम्ही चौघं गेलो, तेव्हा मी घाबरून अर्धी झाले होते. देवीपासून काही लपत नाही, हे ऐकत वाढलेली मी. वाटेत किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटत होतं, आता माझं नाव येणार.

नाव येत नसतं हो. कौलात नाव आपण घालायचं असतं. देवी फक्त हो किंवा नाही म्हणते. आणि माझं नाव कोण घालणार? गुरवाने आईला विचारलं, काय विचारू? आईने सांगितलं. मग तो मोठ्याने म्हणाला, वस्तू सुनेच्या हातून घराबाहेर गेली असेल तर उजवा दे, बाये. आम्ही सगळे हात जोडून उभे. पाकळ्या सुकत होत्या. बराच वेळ काही नाही. मग उजवीकडची पडली.

मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे असं वाटलं, की देवी माझ्या बाजूने आहे.

आता प्रश्न पंख्याचा उरलाच नव्हता. कौल झाल्यावरही नाही म्हणायचं, म्हणजे देवीला खोटं पाडायचं. देवळातली चार जाणती माणसं तिच्याकडे बघत होती. दादा तिच्याजवळ गेला, अगदी हळू म्हणाला, "कबूल कर नि सोडून दे. कोण खाणार नाय तुला."

ती म्हणाली, "मी नेला नाय, तर कबूल काय करू? देवीच्या पुढ्यात खोटं बोलू?"

तिने पदर खांद्यावरून घेतला आणि देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. घरी आईने तिच्याशी बोलणं टाकलं, तिच्या हातचं पाणी टाकलं. आठवड्याच्या आत तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. थोडे दिवस राहू दे तिकडे, असं ठरलं.

इथपर्यंतचं सगळं भीतीच्या खाती मांडता येईल. मी वर्षानुवर्षं तसंच मांडलं. पण पुढचं ऐका.

दादाने फणसाच्या लाकडाचा पंखा कोरला. छान झाला होता. जायच्या आधी एकदा जेवताना तो आईला म्हणाला, मी जाऊन तिला घेऊन येतो. आईने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, ती वस्तू घरातच कुठे सापडली ना, तर मी स्वतः देवीपुढे नाक घासीन आणि स्वतः जाऊन तिला आणीन. मी भात वाढत होते. पावडरचा डबा पलीकडच्या फळीवर होता. मला कबुलीही द्यावी लागणार नव्हती, लक्षात येतंय ना तुमच्या? नुसतं कपाटाखाली हात घालून म्हणायचं होतं, अगो आई, हे बघ काय. कोणी मला एक प्रश्न विचारला नसता. वहिनी दोन दिवसांत घरी आली असती.

त्याच संध्याकाळी दादाने हाक मारली. बाय, बस गो जरा, तारा राहिल्यात, तुझा केस दे. मी बसले. माझ्या जागेवर. केस दिला, टोक धरलं. दादा बोलत नव्हता, बंदरं वगैरे काही नाही. तरी मी सुखात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतल्या चुलीत, आंघोळीच्या पाण्याखाली, मी तो पंखा घातला. वास सुटला. आईने विचारलं, काय गो जळतंय? म्हटलं, फणी मोडली होती, टाकली.

ती भीती नव्हती. मला ती बाई घरात परत नको होती.

साहेबांना लाकडी पंखा फार आवडला म्हणे, मूळचा असता त्यापेक्षा जास्त. दादाला बोट मिळाली. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी गुहागरला गेले. त्या संध्याकाळनंतर मी एकाही विमानाला हात लावला नाही, कारण दादाने पुन्हा एकही खोकं आणलं नाही. वहिनीला आणायला कोणी गेलं नाही. आधी आई आडवी आली, मग दादाची पुढची बोट, मग दारू. फारकत अशी झालीच नाही. टाकलेली बाई म्हणून ती भावाच्या पडवीत राहिली, भावजयीची पोरं सांभाळली, दुसऱ्यांच्या शेतात लावणीला गेली. तिला मूल झालं असतं. मी ते कितीदा मोजायला घेते आणि सोडून देते, की आज केवढं असतं.

दादा गेला तेव्हा ती बाराव्याला आली. कोणी बोलावलं नव्हतं. केस पिकलेले, हात तसेच. इतकी वर्षं त्याच्या नावाचं कुंकू लावत होती, ते आता नव्हतं. जेवणं झाल्यावर मागच्या दारी आम्ही दोघीच होतो. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं तर सांगायचं, असं मी मनाशी ठरवलंसुद्धा. देवाशप्पथ ठरवलं होतं.

तिने विचारलं नाही. म्हणाली, "वन्सं, मी किती वर्षं आठवून बघते. त्या दिवशी केर मीच काढला होता ना? माझ्याच हातून गेला असेल तो. माझ्या ध्यानात आलं नसेल. देवी कशाला खोटं बोलेल?"

आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "असेल, वहिनी."