भाऊबीजेचा दुसरा पाट

अख्ख्या पांढुर्ण्यात माह्याइतका डोकेबाज माणूस तुम्हाले सापडायचा नाही. दुसरीत मास्तरानंच हात जोडून मले घरी पाठवलं होतं, तेवढं सोडा.

संत्र्याच्या मंडीत मी क्रेट भरतो. आमचा हा बी तिथंच भरते. एका खोलीत राहतो, एका गादीवर झोपतो, अन गावाले सांगतो, आम्ही दोस्त आहो. सैपाक त्यालेच येते. मले चहा जमते, तो बी त्यानं पत्ती टाकून देल्ली तं.

औंदा दिवाळीत लोधीखेड्याहून त्याच्या बहिणीचा फोन आला. "दादा, भाऊबीजेले नको येऊ. तुमच्या दोघाईचं माह्या सासरी समजलं." यानं "बरं" म्हटलं, अन इस्त्री केलेला नवा शर्ट पुन्हा पेटीत ठेवला. त्या दिवशी झोपेत घोरला, तेवढाच त्याचा आवाज.

मले आयडिया सुचली. त्याले आपल्या घरी सौंसरले न्यायचं, अन माह्या ताईकडून ओवाळून घ्यायचं. एकदा ओवाळलं का झाला तो घरचा. कोणाले काही सांगायचं कामच नाही. घरी तं आमचं कोणाले माहीतच नव्हतं. मतलब, मले तसं वाटे.

भाऊबीजेले संत्र्याची थैली घेऊन आम्ही पोचलो. ताई सासरहून आलीच होती. रांगोळी काढून तिनं एक पाट मांडला. मी आतून दुसरा आणला, शेजारी ठेवला, त्याले बसवलं. नवा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, तो शाळेच्या फोटोले बसल्यावानी बसला.

ताईनं मले कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी ऐटीत म्हटलं, "आता याले."

ताईनं ताट खाली ठेवलं. "याले मी नाही ओवाळत."

आईचा झारा कढईतच थांबला. बाबा उठून अंगणात गेले. ह्याचं तोंड एवढंसं झालं. हळूच म्हणे, "मी जातो. बस भेटन अजून."

मंग मले जोर चढला. उभा झालो, छाती काढली. "ताई, लाज नाही वाटत तुले? त्याच्या घरच्यायनं दार लावलं, अन आता तू बी..." एवढं बोललो, मागं सरकलो, अन पाय गेला करंज्याच्या टोपल्यात. भाषण तिथंच सरलं.

"पाय काढ आधी," ताई म्हणे. "अन ऐक, येड्या. मी याले ओवाळलं तं हा माहा भाऊ झाला. मंग तू अन हा कोण झाले? भाऊ-भाऊ! जमन का तुम्हाले?"

मी टोपल्यातून पाय काढला. "तुले... माहीत आहे?"

"फोन केला का तू याचंच सांगून राहतं. यानं वांगे केले, यानं मले डॉक्टरकडे नेलं. मी माह्या नवऱ्याचं एवढं नाही सांगत, बाप्पा."

तेवढ्यात शेजारची काकू दारात आली. "हा पोरगा कोण वो?"

आई झटकन म्हणे, "याचा दोस्त आहे, मंडीतला."

माहं मन खट्टू झालं. म्हटलं, झालं, आपल्याच घरी पुन्हा दोस्त. काकू गेली. आईनं दार लोटलं, अलमारीतून कोरा दुपट्टा अन टोपी काढली. ह्याच्या कपाळाले कुंकू लावलं, दुपट्टा खांद्यावर टाकला, टोपी घातली. आमच्याकडे जावई पह्यल्या दिवाळीले आला का असंच करतात. टोपी मोठी झाली, पार भिवयांवर आली. तिच्याखालून तो डोळे पुसून राह्यला होता.

बाबा अंगणातून आत आले. त्याच्याकडे पाह्यलं, मंग आईवर चिडले. "मागच्या दिवाळीले घेतली तेव्हाच म्हटलं होतं तुले, लहान घे."

मी डोकं पुढं केलं. "अन मले काही?"

"तुले कायचं?" आई म्हणे. "वाट त्याची पाहून राह्यलो होतो. तू तं दरसालीच येतं. पाय धू अन करंज्या उचल."