लाकडाला घाबरवणारे मालक

साऱ्या वऱ्हाडात लाकडाला धाक दाखवू शकेल असा एकच माणूस होता, आणि नेमक्या त्याच्याच घरात मी भाड्याने राहत होतो. सातवीत शाळा सोडून मी राजापुराकडून अकोल्याला आलो आणि एका कापसाच्या जिनिंगात चिकटलो. मला सगळ्याचीच भीती वाटे. मुकादमाची, दुपारच्या झळांची, घरच्या पत्राची, आणि सगळ्यांत जास्त जठारपेठेतल्या या आमच्या घरमालकांची. सकाळी उठून पाहावे तर हे अंगणात हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन चिंचेच्या ओंडक्याला दरडावत असायचे, "फाटशीन तर पाह्य!"

त्यांच्या घरात सरळ कडेची एक वस्तू नव्हती. झाडाची फळी जशी निघाली तशी ठेवायची, फक्त साल काढायची, वाकडा काठ आणि गाठी जिथल्या तिथे. अशा फळ्यांना पाय ठोकून ते बाकं, टेबलं करत. त्यांच्या आंब्याच्या टेबलाला असा उतार होता की पाहुण्याची चहाची बशी हळूहळू सरकत मालकांसमोर येऊन थांबायची. पाहुणा बघत राहिला की म्हणायचे, "झाडच तसं वाढलं, मी काय करू?" आणि चहा पिऊन टाकायचे. ओल्या फळीच्या दोन्ही टोकांना ते रोज शेणकाला लिंपत. टोकाकडून ओल लवकर उडाली की लाकूड उन्हाळ्यात तडकते, आणि तडकते ते बंदुकीचा बार काढल्यासारखे. माझ्या पहिल्या वैशाखात असा बार झाला तेव्हा मी खाटेखाली शिरलो होतो. मालकांनी वाकून पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. "कोकण्या, तू तं लय कामाचा मानूस निंघाला बे!"

तेव्हापासून नवे बाक झाले की पहिला बसायचा मान माझा. "निडर मानूस धप्पकन बसते अन् चांगलं हाय म्हनते," ते सांगत. "तुयासारखा भेकड बसाच्या आंधीच सांगते कोन्ता पाय हलते थे." मी अर्धा टेकायचो, जीव मुठीत धरून. मी दचकलो की बाक परत कामाला. घरभाडे थकले तरी या माणसाने कधी दार वाजवले नाही, दुखण्यात ज्वारीची पेज आणून दिली. त्यांना नाही कसे म्हणणार?

पण पुढे माझे लग्न झाले, बायकोला दिवस गेले आणि माझी झोप उडाली. तिला माहेरी कोणी नव्हते, बाळंतपण इथेच होणार होते. मालकांनी जाहीर केले, "पायना मी करतो." पाळणा! यांच्या हातचा! मी बायकोला हळूच म्हटले, "झोळी बांधू ना आपण." ती म्हणाली, "तुम्हीच जाऊन सांगा त्यांना." मी गेलो, आणि "दोर जरा जाड घ्या" एवढेच सांगून परत आलो.

त्यांनी कडुनिंबाची दोन उन्हाळे खाल्लेली फळी काढली. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. रोज गर्जणारा माणूस गप्प झाला. चार भोके पाडली, दोर ओवले, पुन्हा सोडले. पाळण्यात जाते ठेवून ते दिवसभर झोका देत बसले. मला हाक मारलीच नाही. शेवटी मीच विचारले, "मी बसून बघू का?"

"नको," ते म्हणाले. "तुयं भेव आता मलेबी लागलं."

मुलगी झाली. वैशाख तापला. एका दुपारी ती पाळण्यात झोपली होती आणि काडकन बार झाला. बायको किंचाळली. मी भीतीने जागचा हललो नाही. मालक तापल्या अंगणातून अनवाणी धावत आले आणि मुलीला उचलून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पाळणा मात्र संथ हलत होता, धडधाकट.

तडकली होती ती बाहेरची चिंचेची फळी. बंगई करायची म्हणून, म्हणजे स्वतःला झोके घ्यायला, त्यांनी ती जपून ठेवली होती. पाळण्याच्या नादात तिला शेण लावायचेच राहून गेले होते. अंगणात ती टोकापासून टोकापर्यंत दुभंगून पडली होती. मी म्हटले, "मालक, तुमची बंगई..."

"मरू दे बंगई. पोरगी श्वास घेऊन राह्यली ना, पाह्य बरं." मुलीला खाली ठेवायला ते तयार होईनात, पाण्याचा तांब्या मीच त्यांच्या तोंडाला लावला.

त्या दुभंगल्या फळीचा त्यांनी मुलीसाठी पाट केला. ती त्यावर बसायला गेली तेव्हा त्यांनी तिला थांबवले, पाय जमिनीवर रोवले आणि आधी स्वतः टेकून पाहिले. अर्धेच, माझ्यासारखे.

मालकांना जाऊन बरीच वर्षे झाली. बंगई त्यांनी पुन्हा कधी केलीच नाही. मी कोकणात परत आलो. इथल्या दमट हवेत लाकूड तडकत नाही. तरी वैशाखातल्या दुपारी सगळे निजले की मी सोबत आणलेल्या त्या पाटाजवळ बसून कान देतो. तो बार होईल अशी भीती अजून वाटते. पण त्याहून जास्त भीती या शांततेची वाटते, कारण आता काही झाले तर अनवाणी धावत येणारे कोणी नाही.