शांताक्काची जोडवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका.

हुबळीत गोकुळ रोडच्या मागे आमचा काडेपेट्यांचा कारखाना होता. वडिलांनी उभा केलेला. नव्वदच्या सुमारास मी त्याला फुलबाज्या आणि भुईचक्रांची जोड दिली, आणि स्वतःला फार हुशार समजलो. ठिणगी उडू नये म्हणून मसाल्याच्या खोलीत धातू न्यायचा नाही, हा वडिलांचा काडेपेट्यांच्या काळापासूनचा कडक नियम. बायका दाराशी ठेवलेल्या डब्यात पैंजण, जोडवीसुद्धा काढून ठेवत. सवाष्णीनं जोडवी काढायची — पहिल्या दिवशी मसाला ढवळणारी शांताक्का रडली होती. मग बारा वर्षं रोज काढत राहिली.

दिवाळीआधीची दुपार होती. ट्रक दारात उभा, आणि मसाला ढवळायचं लाकडी उलथनं मोडलं. दुसरं आणवायला तासभर गेला असता. एक तास — तेवढाही दम निघाला नाही मला. कॅन्टीनमधलं लोखंडी उलथनं मी शांताक्काच्या हातात दिलं.

“अण्णा, लोखंड चालतंय व्हय आत?”

“आजचा दिवस चालव, अक्का.”

ती आत गेली. मालक सांगतोय म्हटल्यावर काय करणार? थोड्याच वेळात खोली पेटली. शांताक्का वाचली नाही.

आणि मी काय केलं? बाकीच्या बायका मागच्या शेडमध्ये रडत होत्या. मी ढिगाऱ्यातून उलथनं काढून लपवलं. मग डब्यातली तिची जोडवी उचलून खिशात घातली. चौकशीला आलेल्या साहेबांना म्हटलं — जोडवी घालूनच आत गेली. कितीदा सांगितलं, ऐकायचीच नाही. सगळ्यांना पटलं. तिच्या नवऱ्यालाही.

कारखाना पुन्हा काही नीट उभा राहिला नाही. दोन हजारच्या सुमारास कुलूप लावलं. लोक हळहळले — माझ्यासाठी.

शांताक्काची मुलगी नवनगरात शिक्षिका आहे. मागे एकदा रस्त्यात भेटली, आग्रहानं घरी घेऊन गेली. तिचे अप्पा अंथरुणाला खिळलेले. बायको हट्टापायी मेली, हा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. तिचा फोटोही भिंतीवर लावू देत नाहीत. चहा देताना मुलगी हळूच म्हणाली, “आमच्या आईमुळं तुमचा कारखाना बसला, अण्णा. तिला माफ करा.”

तेव्हा तरी बोलायचं — नाही का?

मी म्हटलं, “केलं.”