सुभेदारांच्या जीपमधली ऊब

मोटारीतलं मला काही कळत नाही, हे सासरच्या मंडळींना कळायला एक सकाळ पुरली.

पंच्याहत्तरच्या आसपासचा पौष. माझी दहा दिवसांची मुलगी आणि तिची आई यांना साताऱ्याच्या दवाखान्यातून पाटणला, बायकोच्या माहेरी, न्यायचं होतं. सासरे निवृत्त सुभेदार. त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप पूर्वी लडाखात होती, म्हणून तिच्यात गरम हवा फेकणारा हीटर होता. तालुक्यात असा दुसरा नव्हता. (पहिल्याचीही कुणाला गरज पडली नव्हती.)

"ऊब नसंल तर बाळंतीण हलवायची न्हाई," सासूबाईंनी बजावलं होतं. बायको मात्र दवाखान्याला पुरती विटली होती. हीटरची इंग्रजी पुस्तिका वाचू शकणारा घरात मी एकटा. त्यामुळे तज्ज्ञही मीच.

दवाखान्याच्या फाटकाशी मी हीटर लावून पाहिला. उत्तम चालला. मग बायकोला आणायला आत गेलो. सासूबाई जागा करायला जीपमध्ये बसल्या. परत येऊन बटण दाबलं. पंखा एकदा घुरघुरला आणि गप्प झाला.

"फ्यूज," मी म्हणालो. नवा बसवला. तोही गेला.

"मग वायर." मी डॅशबोर्डखालच्या वायरी सोडवल्या. हॉर्न आपोआप वाजू लागला. बाळ उठलं.

"आवं, हीटर ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली, "निदान हॉर्न तरी बंद करा."

सुभेदारांनी हॉर्नची वायर तोडली. "जावईबापू, रिपोर्ट काय?"

"मोटर जळालीय. पुण्याला न्यावी लागेल."

"मग पोरगी हितंच ऱ्हाईल," म्हणत सासूबाई उतरू लागल्या. बायकोचे डोळे भरले.

सुभेदारांनी पुस्तिका न उघडता हीटरच्या पेटीत हात घातला आणि हिरवी चिंधी ओढून काढली. निम्मी पंख्याला गुंडाळलेली होती.

"ही कुणाची?"

"माजी," सासूबाई म्हणाल्या. "जुनं लुगडं फाडून समदी भोकं बुजवली. त्या पेटीतनं तर लय वारं येत हुतं."

"ते गरम वारं असतं, आई," मी म्हणालो.

"वारं ते वारं."

वायरी परत जोडून शेवटचा फ्यूज बसवल्यावर पंखा चालू लागला. हॉर्न नसल्यामुळे प्रत्येक वळणावर डोकं बाहेर काढून "सरका, सरका" ओरडायचं काम माझ्याकडे आलं. उंब्रजला माझे दात वाजू लागले, तेव्हा सासूबाईंनी तीच हिरवी चिंधी माझ्या कानांना घट्ट बांधली.

पाटणला दारात शेजारीण भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आवं," तिनं सासूबाईंना विचारलं, "ह्यातली बाळंतीण कंची?"