उडी त्यानं मारली

जिन्यावरून फ्रीज उतरवताना वरच्या माणसाला जिना दिसतो, खालच्याला नुसता फ्रीज. आणि वजन सगळं खालच्याच्या उरावर. वरचा वाकून धरतो, वळण सांगतो, "आणखी दोन पायऱ्या" म्हणतो. खालचा उलट्या पावलांनी, वरच्याच्या जिभेवर भरवसा टाकून उतरत राहतो. घरसामान हलवणाऱ्या त्या कंपनीत माणसांच्या जोड्या ठरलेल्या होत्या, आणि जोडीत जो अंगानं दणकट तो खालची बाजू घ्यायचा. कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. पण खालची बाजू सोडणं म्हणजे लंगोट खुंटीला टांगण्यासारखं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जनार्दननं अकरा वर्षं खालची बाजू घेतली.

माणूस शाहूवाडीकडचा, एके काळचा पैलवान. दोन्ही कान मोडून मुटका झालेले, मान आणि खांदा यांत फट म्हणून नाही. जत्रांतनं नारळापासून ढालीपर्यंत कुस्त्या मारल्या, मग गुडघा गेला, लग्न झालं, पोरगी झाली. मस्कतला आला तेव्हा कंपनीच्या माणसानं त्याचे दंड बघितले आणि बाकी काही विचारलंच नाही. जोडीला मिळाला यासिर. दापोलीकडचा, हर्णैचा, काटकुळा, तोंड सदा चालू. "पैलवान, तुम्ही घसरलात तर मी हात सोडून देईन हां, माझ्या घरी चार तोंडं आहेत," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यानंतर अकरा वर्षांत हात सोडला नाही.

दोन हजार अठरा साली मार्चपासून जनार्दनच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मुंग्या आल्यासारखी राहू लागली. मानेतून कळ निघायची ती थेट करंगळीत. मे महिन्यात पकड सुटायला लागली. चहाचा कप हातात आहे का नाही, हे बघून ठरवावं लागायचं. दवाखान्यात तो गेला नाही. गेला असता तर कागद झाला असता, आणि कागद झाला असता तर तो सुपरवायझर बदरुद्दीनचाचांच्या टेबलावर गेला असता. पोरीचं, पूर्वाचं, नर्सिंग कोल्हापुरात अजून दोन वर्षांचं होतं. दोन वर्षं हात टिकला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. आणि रोज पहाटे गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून तो ते मागायचा.

मेच्या शेवटी यासिरच म्हणाला, "जनाभाऊ, आजपासून मला खाली घ्या. वर वाकून वाकून माझी कंबर खलास झाली."

जनार्दनला देव पावला. वरकरणी मात्र तो म्हणाला, "व्हय रं? बघ बाबा. तुझ्यासाठी म्हणून देतोय हां." आणि मग येईल त्याला सांगत सुटला, यासिरची कंबर गेली, मी सांभाळून घेतोय. जूनमध्ये गाडीत बसल्या बसल्या बदरुद्दीनचाचांनी विचारलं, "जोडीचं कसं काय?" तर तोंडातून तेच गेलं. "यासिरची कंबर धरती हल्ली." बोलण्याच्या ओघात गेलं, असं जनार्दन स्वतःला सांगायचा. ओघ होता की आणखी काही, ते त्याचं त्याला ठाऊक.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी, अझैबातला एक व्हिला रिकामा करून झाल्यावर, चाचांनी त्याला ट्रकच्या सावलीत बोलावलं. चाचाही यासिरसारखे रत्नागिरीकडचेच, बोलणं सावकाश.

"पैलवान, अर्बाबाने, मालकाने सांगितलान, माणसं कमी करा. कामच नाय राहिलं. दर जोडीतला एकच राहणार, दुसऱ्याचा व्हिसा पुढे नाय. शनिवारी सकाळी मला नावं द्यायची आहेत." चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. "यासिरचं नाव मनात आहे. तुझ्याच तोंडून ऐकलं कमरेचं, म्हणून तुला आधी सांगितलं. त्याला अजून बोलू नको."

जनार्दननं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते चाचांनाही कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारची दुपार जनार्दन-यासिरच्या खोलीत जपानी कुस्तीची असायची. हे वेड त्याच खोलीतल्या सागरनं आणलेलं. सागर चिपळूणचा, अल खौदला युनिव्हर्सिटीजवळ मोबाइलच्या दुकानात नोकरीला, वय सव्वीस. तिकडं रात्रीचे आठ वाजले की इकडं दुपारचे तीन. जेवून सगळे टीव्हीसमोर आडवे. जपानी नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून खोलीनं आपली नावं ठेवली होती. चॅम्पियनला सारे 'सरपंच' म्हणत, कारण गडी खुर्ची सोडायला तयार नाही. पंचेचाळिशीचा, मानेला पट्ट्या चिकटवलेला. त्याला आव्हान देणारा तरणाबांड, केस तांबडे रंगवलेला, तो 'तांबड्या'. चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी दोघांची लढत त्या दिवशीच होती.

यासिर जुम्म्याची नमाज पढून आला आणि मोरीशी उकिडवा बसून दोन किलो कांदा चिरला. जनार्दन पलंगावर पडून छताकडं बघत होता. जेवला चार घास.

"काय जनाकाका, आज मूड ऑफ?" सागरनं टीव्ही लावत विचारलं.

"उन्हानं अंग मोडलंय."

"उठा की. एक्स्पर्ट तुम्ही. तुमच्याशिवाय कॉमेंट्री कोण करणार?"

लढत चाळीस मिनिटं चालली. शेजारच्या खोलीतला ओमप्रकाश, जालन्याकडचा, हॉटेलात वेटर, दारात उभा राहून दर शुक्रवारी म्हणायचा तेच म्हणाला, "अरे सगळं ठरवून असतंय बे. कोण जिंकणार ते आधीच लिहून ठेवतात."

"लग्नात पण नवरा आधीच ठरलेला असतो," यासिर म्हणाला. "म्हणून काय तू जेवायला जात नायस?"

चाळिसाव्या मिनिटाला सरपंचानं तांबड्याला कमरेत धरून वर उचलला, खांद्यावरून पार मागं नेला आणि पाठीवर आपटला. पंचानं तीनदा थाप मारली. पट्टा सरपंचाकडंच राहिला. टोकियोतलं सगळं पब्लिक उभं. सागर पलंगावरून खाली उतरला, यासिरनं मांडीवर थाप मारली.

मग सागर फोनवर बसला. जगभरातली माणसं त्या लढतीवर लिहीत होती आणि तो मोठ्यानं वाचून मराठीत सांगत होता.

"लंडनचा एक म्हणतो, या वयात एवढी ताकद, मी रडलो. हा ऑस्ट्रेलियाचा म्हणतो, चुकीचा निकाल, आता तरण्याला पुढे आणायला पाहिजे होतं. मेक्सिकोवाला म्हणतो, शंभर किलोचा माणूस असा उचलला जसा उशी. पाचात पाच दिलेत. आणि हा एक बघा, म्हणतो सरपंच संपलाय, कुणीतरी त्याला सांगा."

"त्याला काय कळतंय," यासिर म्हणाला. "सरपंच उभा आहे ना? मग झालं."

"जनाकाका, तुमचं काय? तुमचं मत लिहितो मी इंग्लिशमध्ये. इंडियन पैलवान फ्रॉम ओमान."

जनार्दन उठून बसला होता. "ते उचललेलं परत दाव."

सागरनं मागं घेतलं. जनार्दन टीव्हीच्या पार जवळ जाऊन बसला.

"परत. हळू कर."

तिसऱ्यांदा बघितल्यावर तो म्हणाला, "त्यानं उचलला न्हाई. उडी त्यानं मारली. तांबड्यानं."

"म्हणजे?"

"पाय बघ की त्याचं. उचलायच्या आदी टाच उचललीय. वर गेला तो सोताच्या जोरावर. आन् सरपंचाचा उजवा हात बघ, पंजा उघडाच हाय. त्या हातात जीवच न्हाई. तांबड्यानं त्याचं मनगट आपल्या हातानं दाबून धरलंय, सुटू नये म्हणून. पडताना बी आपली पाठ आदी टेकवली, सरपंचाच्या मानंवर भार येऊ दिला न्हाई." तो मागं सरकला. "चाळीस मिन्टं ह्यो पोरगा दोघांची कुस्ती एकटा खेळला."

"मग सरपंचाला कळत असेल की ते," सागर म्हणाला.

जनार्दननं आपला उजवा पंजा मांडीखाली सरकवला.

"बघायचं नाय तसं, पैलवान," यासिर जरा वेळानं म्हणाला. तो ताटं गोळा करत होता, तोंड दुसरीकडं. "जोडीतला माणूस पडू नये म्हणून कोण पण मारतो उडी. त्यात काय एवढं? लोकांना सांगत नाय फिरायचं."

असं म्हणून तो खाली वाकला, चार ताटं, पातेलं, पाण्याची कळशी एका झपाट्यात उचलली आणि मोरीकडं गेला.

जनार्दन त्याच्या पाठीकडं बघत राहिला. कमरेला हात नाही, कण्हणं नाही. तीन महिन्यांत त्यानं यासिरला एकदाही कमरेला तेल लावताना बघितलं नव्हतं. तासभर उकिडवा बसून कांदा चिरणारा, नमाजेत दहा वेळा वाकून उठणारा माणूस जिन्यावरच तेवढा वाकू शकत नाही? आणि कंबर गेलेला कोण गाढव वजनाची बाजू मागून घेतो? कुस्तीत वीस पावलांवरून समोरच्याचा मोडका गुडघा ओळखणाऱ्या पैलवानाला हे दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, कारण बघायचं नव्हतं. मागच्याच आठवड्यात वॉशिंग मशीन वळणावर भिंतीकडं झुकलं होतं आणि आपोआप सरळ झालं होतं. आपोआप. खालून कुणाचं तरी डोकं लागलं असणार त्याला. यासिरच्या कपाळावर खोक होती त्या दिवशी. दाराची चौकट लागली म्हणाला.

ज्यानं तीन महिने आपला भार वाहिला त्याचंच नाव उद्या सकाळी जाणार होतं. आपल्या तोंडातून गेलेलं.

वाटलं, पडून राहावं. शनिवार आपोआप येईल, नाव आपोआप जाईल, कुणी विचारणारही नाही. दोन वर्षांचाच तर प्रश्न. तो पडलाही. पंखा फिरत होता, सागर अजून कुणाचं तरी मत वाचत होता, मोरीत ताटं वाजत होती. घटकाभरानं तो उठला, चपला घातल्या आणि मागच्या इमारतीत चाचांकडं गेला.

चाचा तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजेची तयारी करत होते.

"चाचा, यासिरची कंबर चांगली हाय."

"तूच बोललास ना?"

"मीच. खोटं बोललो. म्हंजे मला खरं वाटत हुतं, पर खोटं हाय त्ये." कोपऱ्यात पाण्याचा वीस लिटरचा भरलेला बाटला होता. जनार्दननं उजव्या हातानं त्याची मान धरली आणि उचलला. बाटला वीतभर वर आला नि सुटला. फुटला नाही, नुसता दणका झाला. "ह्यो हात गेलाय. मार्चपासनं. तीन म्हैनं त्यो माझं बी वजन उचलतोय. नाव लिवायचं तर माझं लिवा."

चाचांनी बाटला सरळ उभा केला.

"जिन्यात सुटला असता तर खाली यासिर होता," ते म्हणाले.

"व्हय."

"आधी सांगायचं नाय?"

"पोरगी शिकतीय."

"सगळ्यांच्याच शिकतात, पैलवान." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असला तरी दमलेला होता. "बरं. लिहितो. दीड महिना आहे अजून, तोपर्यंत पॅकिंगला बस. भांडी कागदात गुंडाळ. जिना बंद तुझा."

खाली उतरला तर यासिर इमारतीच्या दाराशी उभा. कुणी सांगितलं नव्हतं; चपला दिसल्या नाहीत म्हणून शोधत आला होता.

"सांगितलंत?"

"तुला नावाचं ठाऊक हुतं?"

"कंपनीत काय लपतं? ड्रायव्हरने सांगितलान कालच."

"आन् तू गप बसलास?"

"मग काय करू? चाचांना जाऊन तुमचा हात दाखवू?" यासिर चिडून म्हणाला. "तीन महिने ओढलं ना मी? तुमची दोन वर्षं निघाली असती. तुम्हाला कोणी सांगितलं होतं टीव्हीत पाय बघायला?"

"कंबर दुखती का खरंच?"

"आधी नव्हती दुखत." यासिरनं तोंड फिरवलं. "आता दुखते थोडी. रेड्यासारखं वजन आहे तुमचं."

दोघं तिथंच पायरीवर बसले. हवेत भट्टीची धग होती. दिवस मावळून मगरिबची बांग झाली तसा यासिर उठून गेला.

जनार्दननं घरी फोन लावला. नूतननं, त्याच्या बायकोनं, उचलला.

"येतोय मी. पुढच्या म्हैन्याच्या शेवटी."

"सुट्टी गावली?"

"सुट्टी न्हवं."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. रडेल, पूर्वाचं काय म्हणून विचारेल, असं त्याला वाटलं. त्यानं उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

"मग आल्या आल्या आदी हात दावायचा," ती म्हणाली. "कोल्हापुरात. पूर्वानं तिच्या डॉक्टरला इचारून ठेवलंय."

"हाताचं तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तीन म्हैनं झालं, व्हिडिओ कॉलवर डाव्या हातानं फोन धरताय. दिसतंय की."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमी बोलत न्हवता, मग मी काय बोलू?" नूतन म्हणाली. "जेवलासा का?"

"चार घास."

"जावा, जेवा मग."