फ्लॉवर बाजारातून परत आला की

"इरिटेबल बॉवेल सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आतडं हळवं झालंय. इजा काही नाही." मी खुर्चीतच सैल झाले. चार महिने मनात कॅन्सरच धरून बसले होते.

मी मखमलाबादची, आमची भाजीची शेती. घरातली पहिली बी.एस्सी. मी, आणि शाळेत विज्ञान शिकवते, हे मी ताठ मानेनंच सांगते. दुखणंही शाळेतच सुरू झालं. चौथ्या तासाला पोट फुगून ताणायचं, कळ यायची. दोनदा वर्ग अर्धवट सोडला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, असं चाललं तर तुम्हाला कायम कसं करू?"

रक्त, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. त्या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता.

मग हायड्रोजन ब्रेथ टेस्ट. उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं. आपलं शरीर हायड्रोजन बनवत नाही, आतड्यातले जंतू बनवतात. न पचलेली साखर त्यांच्यापर्यंत पोचली की ते ती आंबवतात. त्यातला थोडा वायू रक्तातून श्वासात येतो. शेजारच्या बाकड्यावरचे आजोबा म्हणाले, "पोरी, फुगे फुगवायचं काम लागलं का?" मला हसू आलं आणि एक फुंकर वाया गेली. बाकीच्या फुंकरींत हायड्रोजन जास्त निघाला.

सोबत दोन आठवडे जेवणाची वही लिहायची होती. मी पट्टीनं रकाने आखून लिहिली. निदान सांगून झाल्यावर डॉक्टरांनी तीच उघडली.

"तुम्हाला त्रास झाला ते दिवस बघा. फ्लॉवर, फ्लॉवर, कोबी, परत फ्लॉवर. एवढा का आवडतो?"

"आवडत नाही. बाजारात खपला नाही की परत येतो. मग घरात तोच."

डॉक्टर मनापासून हसले. कोबी, फ्लॉवर, कांदा, राजमा यांतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत. त्यांना फॉडमॅप म्हणतात. जंतूंचं ते जेवण. "जंतू वाईट नाहीत," ते म्हणाले, "तुम्ही एकदम पंगत बसवताय. काही आठवडे बंद करा, मग एकेक पदार्थ थोडाथोडा आणा." आठवीला आंबवण्याचा धडा मीच शिकवते, आणि माझ्याच पोटात तो चाललाय हे मला कळलं नव्हतं.

आई मात्र रुसली. "घरचा माल बाधतो व्हय? शिकली आन् पोट लय नाजूक झालं." मी वही पुढं केली. तिला वाचता येत नाही. मी फुगलेल्या दिवसांवर लाल गोल काढले आणि म्हटलं, "आता सांग, माल कधी परत आला होता?" तिनं बोटांवर मोजलं. दिवस गोलांशी जुळले.

तुमचं पोट असं फुगत असेल तर लाजू नका. आधी डॉक्टर गाठा, मग वही लिहा, आणि खरी लिहा.

या जूनमध्ये मी कायम झाले. परवा गाडीतून फ्लॉवर परत आला. आईनं एक गड्डा उचलला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "उद्या शाळा हाय ना?"

"आहे."

"मग तुला दोडका. हा आम्ही खातो."